कॅसेटवरची बाई

सांगलीच्या आमच्या दैनिकात निधनवार्तांचं सदर ज्यांच्याकडे होतं, त्यांनी पहिल्या दिवशी मला नाव, गाव, शिक्षण यांपैकी काहीच विचारलं नाही. ते टेबलाखाली चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन बसले होते. हातात लाल बॉलपेन होतं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "इंग्रजी येतं?"

"येतं."

"ऐकलेलं समजतं, का नुसतं वाचलेलं?"

सावकाश बोललं तर समजतं, असं मी सांगितलं.

"ती सावकाशच म्हणते," ते म्हणाले. "रविवारी घरी ये. बाई ऐकवतो."

शेजारी बसणारा क्रीडा पानाचा सहकारी हसला. हे बोलावणं कचेरीत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला जात असे. मशीनवरच्या माणसांना गेलं होतं, जाहिरात विभागाच्या व्यवस्थापकालाही गेलं होतं. "जाऊन ये," सहकारी म्हणाला. "पण गाणं संपेपर्यंत चहा मिळत नाही आणि हलायचंही नाही. पायाला मुंग्या आल्या तर बाईला दोष देऊ नको."

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. ते तेव्हा चाळिशीच्या आत होते, पण डोक्यावरचे निम्मे केस पांढरे होते. मूळ गाव म्हसवडजवळचं. वडील फौजेत होते. निवृत्त होऊन आल्यावर वडिलांनी गावात पहिलं काही केलं असेल, तर घराच्या दारावर स्वतःचं पूर्ण नाव रंगवून घेतलं. नाव नीट लिहिण्याबद्दलची मुलाची कर्मठ वृत्ती बहुधा तिथून आलेली होती.

निधनवार्ता हे कचेरीतलं सर्वांत कमी मानाचं काम. नवशिक्याला द्यायचं आणि वर्षभरात त्यानं सोडवून घ्यायचं, अशी रीत होती. यांनी ते सोडलंच नाही. त्यांचे काही नियम होते. 'दुःखद निधन' यातला पहिला शब्द ते न चुकता कापत. "सुखद निधन कुणाचं झालंय?" असं म्हणत. 'अल्पशा आजाराने' या शब्दांवर त्यांचा विशेष राग होता. एकदा मृताच्या पुतण्याला त्यांनी खुर्ची दिली, पाण्याचा पेला दिला आणि मग विचारलं, "तीन वर्षं अंथरुणावर होते म्हणता. मग अल्पसा कसला?"

"आवं, लिवायची पद्धत हाय तशी."

"पद्धत राहू दे. तीन वर्षं ज्यानं काढली, त्याला विचारा अल्पसा होता का."

वयाच्या बाबतीत ते तर्क चालू देत नसत. जतकडचा एक म्हातारा आईची बातमी घेऊन आला होता. तो संवाद मी शेजारच्या टेबलावरून ऐकला.

"वय किती होतं?"

"लय हुतं."

"लय म्हणजे?"

"लय म्हंजे लय. तोंडात एक दात ऱ्हायला न्हवता."

"दातावरनं वय छापता येत नाही. थोरला मुलगा कोण तिचा?"

"मीच की."

"मग तुमचं वय सांगा. त्यावरनं काढू."

म्हातारा म्हणाला, "त्ये बी आयलाच ठावं हुतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बातमीत वयाची जागा मोकळी सोडली आणि म्हाताऱ्याला चहा मागवला.

आमच्या भागात निधनवार्तेचा शेवट रक्षाविसर्जनाच्या वेळेनं होतो. डेस्कवरच्या पोरांचे हात आपोआप तेच लिहायचे. बौद्ध कुटुंबाची बातमी असली की ते स्वतः रक्षाविसर्जन काढून जलदान विधी असं करत. ते स्वतः बौद्ध होते, पण हे काम त्यांनी कधी भांडणाच्या सुरात केलं नाही. एकदा एक जण म्हणाला, "वाचणाऱ्याला कळतंय की काय ते." त्यावर ते म्हणाले, "वाचणाऱ्याला कळतं. घरच्यांना लागतं."

आणखी एक नियम होता, तो मात्र त्यांचा नव्हता. दहा वर्षांच्या आतल्या मुलांचं निधन आम्ही छापत नसू. हे कुणी ठरवलं, कचेरीत कुणालाच सांगता येत नव्हतं. लेखी काही नव्हतं. जागा कमी पडते म्हणून असेल, किंवा छापल्यानं घरच्यांना त्रास होतो अशी समजूत असेल. त्यांनी तो नियम हाती आला तसा पाळला. मिरजेचे एक वडील मुलाचा फोटो घेऊन आले, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि त्या गृहस्थांना स्वतः बसपर्यंत सोडून आले. परत आल्यावर मला म्हणाले, "म्हाताऱ्याच्या पश्चात मुलगे, सुना, नातवंडं असतात. लेकराच्या पश्चात काय लिहायचं? पश्चात आई-वडील, हे वाक्य होतं का?"

मी रविवारी त्यांच्याकडे गेलो. मिरज रस्त्याला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत लोखंडी ट्रंकेवर टेपरेकॉर्डर होता. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी वहिनी ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली.

कॅसेटला वेष्टण नव्हतं. तिच्या कुठल्याच बाजूवर एक अक्षर नव्हतं. त्यांचा भाचा महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा. कुणी परदेशी प्रवासी ती मागच्या सीटवर विसरून गेला. भाच्यानं हॉटेलात विचारलं, सीझन संपेपर्यंत वाट बघितली. मग ती मामाला आणून दिली, कारण मामीच्या माहेरी गाणं होतं. त्यामुळे गाणारीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि ते कळावं यासाठी त्यांनी फारशी खटपटही केली नाही. ते तिला बाई म्हणत.

त्यांनी बटण दाबलं. आधी एक गिटार वाजलं, फार नाही. मग आवाज आला.

आवाज जाड होता. वर जाताना तो एका ठिकाणी फाटायचा. बाईला ते ठाऊक असावं, कारण ती टाळायच्या ऐवजी पुन्हा त्याच ठिकाणी जात होती. ती एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि मग तिसरी वेगळी म्हणायची. दोन ओळींच्या मध्ये गिटार तिला उत्तर दिल्यासारखं वाजायचं आणि ती त्याचं काही एक ऐकून घ्यायची नाही. श्वास घेताना ऐकू येत होतं. मला ते आवडलं, असं म्हणता येणार नाही. सुंदर नव्हतं. पण खोलीत कुणीतरी आल्यासारखं झालं आणि त्या माणसाकडे पाठ करून बसता येत नव्हतं.

पुढे मी कॉलेजातल्या इंग्रजीच्या एका प्राध्यापकांना वर्णन करून विचारलं. त्यांनी सांगितलं, याला ब्लूज म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. त्यांच्या आज्या-पणज्या विकल्या-घेतल्या जात, कापसाच्या शेतात राबवल्या जात. मी ही माहिती कचेरीत येऊन यांना दिली. त्यांनी ती बातमी ऐकावी तशी ऐकली. "असेल," म्हणाले. "आवाजावरनं वाटतं तसं."

त्या पहिल्या रविवारी गाणं संपल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "काय म्हणते ती?"

मी ते गाणं आणखी तीनदा लावायला सांगितलं. उच्चार अनोळखी होते, निम्मं सुटत होतं. जे लागलं ते सांगितलं. सकाळी उठले, घरात कुणी नाही. सकाळी उठले, घरात कुणी नाही. दाराला विचारलं, तर दार म्हणालं, मला काय ठाऊक.

आतून वहिनींचा आवाज आला. "येवढंच?"

"या गाण्यात एवढंच आहे," मी म्हणालो.

"आन् तेच परत परत?"

"हो."

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "दुसरं काय म्हननार?"

ते चटकन उंबऱ्याकडे वळले. "तुला ती रडल्यासारखी वाटते का?"

"न्हाई. रडत न्हाई ती. भांडतीया."

"कुणाशी?"

"ज्यानं ऐकून घ्याचं, त्याच्याशी." त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं चहा आला.

मला बसपर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी उरलेलं सांगितलं. बातमी सांगावी तसं, क्रमानं. वहिनी कडेगावच्या. त्यांच्या वडिलांची गायनपार्टी होती, पुढे ती भावानं चालवली. लग्नाआधीपासून वहिनी त्या पार्टीत गात. चौदा एप्रिलच्या जयंतीला खानापूर, कडेगाव, खटावच्या गावांतून बोलावणी येत. माईक बंद पडला तर शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवणारी बाई, अशी त्यांची ख्याती होती. मी सांगलीत येण्याच्या दोन वर्षं आधी त्यांची मुलगी तापानं गेली. सहा वर्षांची होती. चौथ्या दिवशी ते कामावर आले आणि संध्याकाळचं सदर लावलं. त्या दिवशीच्या सदरात मुलीचं नाव नव्हतं. नंतरही आलं नाही. नियम सगळ्यांना होता, तो त्यांनी स्वतःला लावला.

वहिनींचं शिक्षण चौथीपर्यंत. पेपरवर बोट ठेवून त्या सदर वाचत. आठ-दहा दिवसांनी त्यांनी विचारलं, "समद्या जिल्ह्याची मयत छापता. माज्या पोरीच्या दोन वळी कुटं हायत?" यांनी नियम सांगितला.

"त्यानंतर गाणं बंद," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये भाऊ बोलवायला आला तर म्हणाली, घसा बसलाय. दर वर्षी तेच सांगते. घरातही गात नाही. भांडी घासताना गुणगुणायची, तेसुद्धा नाही."

"आणि ही कॅसेट?"

"पहिल्या दिवशी लावली तर म्हणाली, बंद करा. मग एकदा दुपारी मी लवकर घरी आलो, तर टेपजवळ बसली होती. मला बघून उठली. मी एकटा असताना लावली तर ती ऐकत नाही. कुणी पाहुणा आला की उंबऱ्यापर्यंत येते. म्हणून माणसं बोलावतो. एखाद्या रविवारी बाईच्या मागोमाग तीही म्हणेल, असं वाटतं."

तेव्हा मला त्या आमंत्रणांचा उलगडा झाला. कचेरीत कुणी त्यांची थट्टा केली तर त्यानंतर मी हसलो नाही. तसा मी त्यांच्या बाजूनं काही बोललोही नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

दोन वर्षांनी माझी बदली सातारा कार्यालयात झाली. निघताना मी कॅसेटची नक्कल मागितली. साताऱ्यात राजवाड्याजवळ एक दुकानदार कॅसेटवरून कॅसेट भरून देत असे. पण नक्कल द्यायला यांनी साफ नकार दिला. "ज्याच्या त्याच्या घरी बाई झाली, तर आमच्याकडे कोण येईल?"

मी महिना-दोन महिन्यांनी कामासाठी सांगलीला जाई, तेव्हा त्यांच्याकडे जाऊन ऐकत असे. टेप झिजत चालली होती, गिटार घोगरं झालं होतं. बाईच्या आवाजाचं मात्र काही बिघडत नव्हतं. तो पहिल्यापासून फाटकाच होता. वहिनी उंबऱ्यापर्यंत येत, ऐकत, एखादं वाक्य बोलत. "आज लय चिडलीया," असं. जणू बाई रोज नवी गात होती. स्वतः काही म्हणत नसत. ते गाणं चालू असताना टेपकडे बघत नसत, वहिनींच्या ओठांकडे बघत.

मग कडेगावची ती दुपार आली. वहिनींच्या भावाचा नातू साप चावून गेला होता. चार वर्षांचा मुलगा. त्याच्या स्मरणासाठी पुण्यानुमोदन होतं. मी त्या दिवशी एका साखर कारखान्याच्या सभेसाठी कडेगावातच होतो. सभा आटोपून गेलो. घरापुढे कापडी मांडव होता. भंतेजींची वंदना होऊन गेली होती. अशा वेळी गायनपार्टीनं म्हणायचं असतं. पार्टी जमली होती, पेटी होती, ढोलकी होती, पण पार्टीचे गाणारे म्हणजे मुलाचे आजोबाच, वहिनींचे भाऊ. ते खांबाला टेकून बसले होते. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोनदा हातानं नाही अशी खूण केली. पेटीवाला एकच सूर धरून बसला. सूर थांबवावा की नाही, हे त्याला कळेना.

बायकांतून एक म्हातारी म्हणाली, "आगं, कुनी तरी म्हना की. लेकरू काय मुक्यानं लावून द्याचं?"

वहिनी उठल्या. त्यांनी पदर खोचला, पेटीपाशी गेल्या आणि पेटीवाल्याला म्हणाल्या, "खालच्या पट्टीत घे रं. मला लय दिस झालं."

त्यांनी पार्टीचं कुठलंच गाणं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, सकाळी उठले, घरात कुनी न्हाई. चाल ओवीच्या जवळची होती, शब्द त्या कॅसेटवरचे होते. तीच ओळ त्यांनी पुन्हा म्हटली. वर जाताना आवाज फाटला. त्या थांबल्या नाहीत, पुन्हा तिथेच गेल्या. दाराला इचारलं, दार म्हनलं, मला काय ठावं. मग पुढच्या ओळी त्यांनी स्वतःच्या घातल्या. चपलीला विचारलं, पाटीला विचारलं, अंगणातल्या सावलीला विचारलं. ढोलकीवाल्यानं ढोलकी खाली ठेवली. मुलाची आई तोवर रडली नव्हती, ती रडायला लागली. माईक नव्हता. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या जात होत्या, त्यातली एक थांबली.

ते मांडवाबाहेर मोटरसायकलजवळ उभे होते. एक हात सीटवर होता. गाणं संपेपर्यंत त्यांनी तो हलवला नाही. मी जवळ गेलो तर म्हणाले, "ऐकलंस?" आणि मोटरसायकलची किल्ली फिरवून पाहिली.

वहिनी भावाच्या घरच्यांबरोबर जीपनं सांगलीला येणार होत्या. मला यांनी मोटरसायकलवर मागे बसवलं. सकाळी साताऱ्याला जा, म्हणाले. ते घरी न जाता थेट कचेरीत गेले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. एका दमात बातमी लिहिली. मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, वय चार वर्षे. पश्चात आई, वडील, आजोबा, आजी. जलदान विधी व पुण्यानुमोदन झाल्याचा उल्लेख. चार ओळी.

पान बघणाऱ्या मुख्य उपसंपादकानं हाक मारली. "वय चार लागलंय इथं. चाळीस आहे का?"

"चारच."

"चार?" त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "बरं," म्हणाला आणि पान छपाईला सोडलं.

एवढंच. कुणी संपादकांना फोन केला नाही, कुणी नियम काढला नाही.

मी रात्री त्यांच्याकडेच राहिलो. सकाळी पेपर आला तेव्हा वहिनी स्टोव्हपाशी होत्या. यांनी पेपर वहिनींच्या हातात दिला नाही, जमिनीवर अंथरला आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, "सदर बघ."

वहिनींनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. चौथ्या नावाला बोट थांबलं. त्यांनी त्या चार ओळी हळू आवाजात वाचल्या. मुलाचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"तुमी लिवलं?"

"हो."

यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी आधी पाहिलं नव्हतं. शाळेत पाटी दाखवून उभं राहतात तसे ते बसले होते.

"सायेब काय म्हनलं?"

"काही नाही."

"कुनी आडवलं न्हाई?"

"नाही. कुणीच नाही."

वहिनींनी बोट उचललं.

"म्हंजे छापता येत हुतं," त्या म्हणाल्या.

स्टोव्हचा आवाज चालू होता. त्यांनी उठून तो बारीक केला. पेपरची घडी घातली आणि ट्रंकेवर ठेवली. माझ्यापुढे कप सरकवला. "घ्या भावजी, निवतोय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आदल्या दुपारी गाऊन घसा खरोखरच बसला होता.

ते मला स्टँडवर सोडायला आले. साताऱ्याची गाडी फलाटाला लागली होती, ड्रायव्हर यायचा होता. ते माझ्या खिडकीखाली उभे राहिले.

"मला वाटायचं, ती गायली की सुटलो," ते म्हणाले. "मी तिच्या गाण्याची वाट बघत होतो. ती पेपरची बघत होती."

ड्रायव्हर येऊन बसला. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही.

वहिनींना नंतर बोलावणी येऊ लागली. साताऱ्यात मी त्यांना दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा त्या भावाबरोबर आल्या होत्या. ज्या घरी लेकरू गेलं आहे, तिथे त्या विडासुपारीसुद्धा घेत नसत. ते कधी बरोबर नसत.

यांनी ती बातमी छापून आली त्याच आठवड्यात निधनवार्ता सोडल्या आणि बाजारभावाचं काम मागून घेतलं. हळद, गूळ, बेदाणा, शाळू. संपादकांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी डोळे दुखतात असं सांगितलं. बाजारभावाचा टाईप निधनवार्तांच्या टाईपापेक्षा बारीक होता.